इंटरनॅशनल लॉ फर्ममध्ये ग्रॅज्युएट म्हणून लागलात? रुजू होण्याआधी हे वाचून घ्या

माझा दुसराच दिवस होता. सिनियर असोसिएटचा फोन आला, "लास्ट टर्नच्या अगेन्स्ट ब्लॅकलाइन काढ, सीपी चेकलिस्ट अपडेट कर आणि सिग पेजेस कुठपर्यंत आलीयेत ते मला सहापर्यंत सांग." मी "हो हो" म्हटलं, फोन ठेवला आणि पुढची वीस मिनिटं नुसती स्क्रीनकडे बघत बसले. एवढी वर्षं कायदा शिकून, चांगले मार्क पाडून आलेली मी, आणि त्या वाक्यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. शेवटी मागच्या टेबलावरच्या पॅरालीगलला (वकिलांच्या मदतनीसाला) विचारलं. तिने मान वर न करता सांगितलं: टर्न म्हणजे ड्राफ्टची एक फेरी, आपल्याकडून त्यांच्याकडे किंवा त्यांच्याकडून आपल्याकडे. ब्लॅकलाइन म्हणजे दोन आवृत्त्यांमधला फरक दाखवणारी फाइल, हिलाच रेडलाइनपण म्हणतात. सीपी म्हणजे कंडिशन्स प्रिसिडंट, व्यवहार पुरा व्हायच्या आधी ज्या अटी पूर्ण झालेल्या लागतात त्या. आणि सिग पेजेस म्हणजे सह्यांची पानं. दोन मिनिटांत झालं. मी वीस मिनिटं घालवली कारण विचारायची लाज वाटली.

तर पुढचं जे काही आहे ते त्या वीस मिनिटांबद्दल आहे असं समजा. पहिली दोन वर्षं तुमच्या कायद्याच्या हुशारीवाचून फर्मचं काही अडलेलं नसतं, ती तिथे भरपूर पडलेली असते. त्यांना हवा असतो भरवसा. म्हणजे तुम्हाला दिलेलं काम परत उघडून तपासावं लागू नये, आणि जिथे तपासावं लागणार आहे तिथे तुम्हीच आधी सांगावं की बाबा इथे मला खात्री नाहीये.

१. रुजू होण्याआधी: कागदपत्रं आणि तुमच्या देशाची वाट

आधी हे बघा की तुम्ही नक्की कशात शिरताय, कारण "ग्रॅज्युएट" या शब्दाचा अर्थ ऑफिस कुठे आहे त्यावर बदलतो. इंग्लंडमध्ये पारंपरिक रस्ता म्हणजे दोन वर्षांचं ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, त्यात बहुतेक ठिकाणी सहा-सहा महिन्यांच्या चार सीट्स, म्हणजे चार वेगवेगळ्या विभागांत बसायचं. २०२१ च्या सप्टेंबरपासून तिथे एसक्यूई, म्हणजे सॉलिसिटर (तिथला वकील) व्हायची पात्रता परीक्षा आली, पहिल्या टप्प्यात १८० प्रश्नांचे दोन पेपर, आणि त्याबरोबर दोन वर्षांचा क्वालिफाइंग वर्क एक्सपिरियन्स, जो जास्तीत जास्त चार संस्थांमध्ये मिळून पुरा करता येतो. ऑस्ट्रेलियात क्लर्कशिप (शिकत असतानाची इंटर्नशिप), मग ग्रॅज्युएट म्हणून रोटेशन्स, आणि कोर्टात अ‍ॅडमिशन, म्हणजे वकील म्हणून मान्यता, मिळायच्या आधी प्रॅक्टिकल लीगल ट्रेनिंग. अमेरिकेत हा मधला काळ जवळजवळ नसतोच, उन्हाळ्यात समर असोसिएट (सुट्टीतली इंटर्नशिप), जुलैच्या शेवटी बारची परीक्षा, आणि शरद ऋतूत थेट असोसिएट. लंडनमधल्या मैत्रिणीचं वेळापत्रक बघून न्यूयॉर्कच्या नोकरीची तयारी करू नका, एवढंच.

कागदपत्रांची यादी साधारण अशी:

- पासपोर्ट आणि काम करायचा परवाना किंवा व्हिसा, मूळ प्रत
- पदवीचं प्रमाणपत्र आणि सगळ्या वर्षांच्या मार्कशीट्स (नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना ते आत्ता बघा, नंतर फार धावपळ होते)
- आधी जिथे काम किंवा इंटर्नशिप केली त्यांची नावं, तारखा आणि कुठल्या क्लायंटच्या कामाला हात लावला त्याची नोंद, हे कॉन्फ्लिक्ट चेकला, म्हणजे क्लायंट्सच्या हितसंबंधांची टक्कर होत नाही ना ते बघायला, लागतं
- तुमच्या आणि घरच्यांच्या नावावरच्या शेअर्सची यादी, बऱ्याच फर्म हे विचारतात
- टॅक्स नंबर, बँकेचे तपशील
- चारित्र्य तपासणीचा फॉर्म, जिथे लागू असेल तिथे

शेवटच्या फॉर्मवर जरा थांबते. त्यात जुना दंड, कॉलेजातली शिस्तभंगाची कारवाई, कर्ज थकलेलं असलं तर ते विचारतात, आणि लोक घाबरून बारीकसारीक गोष्टी गाळतात. गाळू नका. विद्यार्थीदशेत एखादी चूक झाली म्हणून कोणी लगेच बाहेर काढत नाही, पण ती लपवली हे नंतर कळलं तर प्रश्न त्या चुकीचा राहतच नाही, प्रामाणिकपणाचा होतो, आणि वकिलीत त्या प्रश्नाला उत्तर नसतं.

अजून एक, अनुभवाची डायरी पहिल्या दिवसापासून लिहा. कुठली फाइल, काय केलं, त्यातून काय शिकले, दर शुक्रवारी दहा मिनिटं. इंग्लंडमध्ये हा अनुभव सॉलिसिटरने किंवा फर्मच्या कम्प्लायन्स ऑफिसरने कन्फर्म करावा लागतो, आणि दीड वर्षानंतर "मार्चमध्ये मी काय करत होते" हे आठवत बसण्यासारखं दुःख नाही.

२. पहिला आठवडा: माणसं ओळखा

वेबसाइटवर पार्टनर, काउन्सेल, सिनियर असोसिएट, असोसिएट अशी उतरंड दिसते. खरा कारभार तिच्याबाहेरच्या माणसांवर चालतो. पार्टनरच्या सेक्रेटरीला माहीत असतं की तो कधी चिडलेला असतो आणि कधी मोकळा. डॉक्युमेंट प्रॉडक्शनची रात्रपाळीची टीम तुमचं बिघडलेलं नंबरिंग पंधरा मिनिटांत सरळ करते ज्यावर तुम्ही दोन तास डोकं फोडलं असतं. लायब्ररीवाले, नॉलेज लॉयर्स (फर्मचे नमुने आणि रिसर्च सांभाळणारे वकील), आयटीचा हेल्पडेस्क, आणि पॅरालीगल, ज्यांतल्या काहींनी तुमच्यापेक्षा पन्नास क्लोजिंग (म्हणजे सह्या होऊन व्यवहार पुरा होणं) जास्त बघितलेली असतात. यांच्याशी नीट वागा, आणि हे कुठल्या फायद्यासाठी म्हणून सांगत नाहीये, पण फायदा होतोच.

गुप्ततेचं ट्रेनिंग ऑनलाइन असतं आणि सगळे ते क्लिक करत करत संपवतात. त्यातल्या दोन गोष्टी मात्र खऱ्या धरा. एक, मोठ्या डीलला कोडनेम असतं, ते वापरा, लिफ्टमध्येसुद्धा, टॅक्सीत तर नक्कीच. दुसरं, लिस्टेड कंपनीच्या कामाचा नुसता सुगावा जरी लागला तरी तिचे शेअर घ्यायचे-विकायचे नाहीत आणि घरी कोणाला "ती कंपनी बरी वाटते" असंही म्हणायचं नाही. यात नोकरी जाते ती वेगळी, तुरुंगही होऊ शकतो.

३. काम घेताना: सहा प्रश्न, वही उघडून

इथे सगळ्यात जास्त लोक आपटतात, मीपण आपटले. पार्टनरने जाता जाता सांगितलं, "या क्लॉजवर इंग्लिश लॉची पोझिशन काय आहे बघ जरा." मी दोन दिवस खपून चौदा पानांचा मेमो लिहिला, फुटनोट्ससकट, १९व्या शतकातल्या केसेसपासून सुरुवात. त्याला क्लायंटच्या ईमेलला द्यायला चार ओळी हव्या होत्या आणि त्या दुसऱ्याच दिवशी सकाळी हव्या होत्या. त्याने मेमो चाळला, पहिलं पान वाचलं आणि म्हणाला, "छान आहे, पण उत्तर कुठल्या पानावर आहे?" उत्तर अकराव्या पानावर होतं.

तेव्हापासून काम घेताना हे विचारते, आणि वहीत लिहूनच घेते:

- हे शेवटी कोण वाचणार? तू, पार्टनर, की क्लायंट?
- कुठल्या रूपात? ईमेल, मेमो, टेबल, की फोनवर सांगू?
- किती वेळ घालवू? (हा प्रश्न विचारायला सगळ्यात धीर लागतो, आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. "तीन तास, जास्त नाही" असं उत्तर आलं की अर्धं काम तिथेच कळतं)
- कधीपर्यंत, आणि कुठल्या शहराच्या घड्याळाने?
- मॅटर नंबर काय? (फर्ममधला त्या प्रकरणाचा क्रमांक)
- असं काम आधी कोणी केलंय का, जुना नमुना मिळेल का?

जुन्या नमुन्याला प्रिसिडंट म्हणतात. तो मिळाला की हुरळून जाऊ नका. तो कोणत्या बाजूने लिहिलाय ते बघा, विकणाऱ्याच्या बाजूचा नमुना घेऊन खरेदीदारासाठी ड्राफ्ट केलात तर प्रत्येक क्लॉज उलटा असतो. आणि तो त्या वेळच्या वाटाघाटीतून घासून निघालेला असतो, म्हणजे त्यातली विचित्र वाक्यं कोणाच्या तरी हट्टामुळे आलेली असतात, ती तुमच्या क्लायंटने का वाहायची?

घड्याळाबद्दल थोडं अजून. "ईओडी" म्हणजे दिवस संपेपर्यंत, पण कुणाचा दिवस? सिंगापूरचा दिवस संपतो तेव्हा न्यूयॉर्क झोपेतून उठत असतं. शिवाय अमेरिका घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते आणि युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतर पाचऐवजी चार तास असतं. ऑक्टोबरअखेर परत एक आठवडा तोच घोळ. सिंगापूर आणि हाँगकाँग घड्याळ हलवतच नाहीत. मी एका मार्चमध्ये नऊ जणांना रिकाम्या कॉलवर तासभर आधी बसवलंय, त्यातला एक क्लायंटचा सीएफओ (मुख्य वित्त अधिकारी) होता. मीटिंगच्या ईमेलमध्ये प्रत्येक शहराची वेळ वेगळी लिहा.

४. टाइमशीट: रोज, त्याच दिवशी

टाइमशीट म्हणजे कुठल्या कामाला किती वेळ दिला त्याची नोंद. तासाचे दहा भाग, एक युनिट म्हणजे सहा मिनिटं. बहुतेक ठिकाणी हाच हिशोब आहे. ही तासांची नोंद ठेवायची पद्धत रुजवण्याचं श्रेय बॉस्टनच्या रेजिनाल्ड हीबर स्मिथ या वकिलाला देतात, २०व्या शतकाच्या सुरुवातीचा माणूस, त्याला कामाचा खर्च नेमका किती येतो ते मोजायचं होतं. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गोल्डफार्ब केसमध्ये बार असोसिएशनने ठरवून दिलेले किमान फीचे तक्ते स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध ठरवले आणि तासाच्या बिलाचंच राज्य पक्कं झालं. शिव्या कुणाला घालायच्या ते कळावं म्हणून सांगितलं.

आता गणित करा. समजा टार्गेट वर्षाला १,८०० बिलेबल तास आहे. सुट्ट्या, आजारपण, ट्रेनिंग वजा जाता ४६ आठवडे धरले तर २३० दिवस, म्हणजे रोज जवळजवळ ७.८ तास. ऐकायला ठीक वाटतं ना? पण हे क्लायंटला लावता येणारे तास आहेत. टीम मीटिंग, स्वतः चुकलेलं परत करणं, प्रिंटर अडकणं, कॉफीच्या रांगेत उभं राहणं, यातलं काही बिलेबल नाही. ७.८ बिल करायला दहा तास ऑफिसात बसावं लागतं आणि तो चांगला दिवस. काही फर्म ट्रेनींना टार्गेट देत नाहीत, विचारून घ्या.

नोंदीत काय लिहायचं त्याला नॅरेटिव्ह म्हणतात. "ड्राफ्टिंग, ईमेल्स, कॉल: ६.५ तास" असं लिहिलंत तर क्लायंटचा बिल तपासणारा माणूस ते कापणार, कारण कशाला किती लागले ते दिसत नाही. त्याऐवजी "शेअर खरेदी करारातील वॉरंटी शेड्यूलचा मसुदा तपासणे व दुरुस्त्या सुचवणे: २.३ तास", मग पुढची ओळ वेगळी. आणि नोंद लिहिताना हे लक्षात असू द्या की ती क्लायंट वाचणार आहे. "काय करायचंय ते समजून घेणे: १.० तास" असं माझ्या एका सहकाऱ्याने खरंच लिहिलं होतं, बिचारा खरं बोलत होता.

मोठा सापळा: स्वतःचे तास स्वतः कापणं. "मला पाच तास लागले पण हुशार माणसाला दोन लागले असते, म्हणून दोनच लिहिते." असं करू नका. किती बिल करायचं हे पार्टनर ठरवेल, ते त्याचं काम. तुम्ही कमी लिहिलेत तर पुढच्या वेळी त्या कामाला दोनच तास धरले जातील आणि तुमच्या जागी बसणारी पुढची मुलगी मरेल. आणि उलट्या दिशेने, न केलेले तास लिहिणं म्हणजे फसवणूक, तिथे चर्चाच नाही.

५. ड्राफ्ट आणि प्रूफरीडिंग: इथेच नाव होतं किंवा जातं

स्वल्पविरामाला हसणाऱ्यांसाठी एक केस. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हर्सनी ओव्हरटाइम मागितला. कायद्यात कुठल्या कामांना ओव्हरटाइम नाही त्याची यादी होती आणि यादीच्या शेवटी "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन" असं, मध्ये स्वल्पविराम नाही. मग डिस्ट्रिब्युशन हे वेगळं काम की फक्त पॅकिंगचाच भाग? ड्रायव्हर पॅकिंग करत नव्हते, डिस्ट्रिब्युशन करत होते. २०१७ मध्ये अपील कोर्टाने वाक्य संदिग्ध धरून ड्रायव्हर्सच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१८ मध्ये प्रकरण ५० लाख डॉलरला मिटलं. ते वाक्य कोणीतरी प्रूफ वाचून पुढे पाठवलं असणार ना.

माझी पद्धत सांगते, सुंदर वगैरे नाहीये, पण चालते. सगळं एकदम वाचायचं नाही, एका फेरीत एकच गोष्ट. पहिली फेरी फक्त व्याख्यांची: ठळक केलेली प्रत्येक डिफाइंड टर्म शोधायची, वापरलीये का, वापरलीये तिथे कॅपिटल अक्षराने आहे का, आणि कॅपिटलने वापरलेली एखादी टर्म व्याख्येशिवाय तर नाही ना. दुसरी फेरी क्रॉस रेफरन्सची, "क्लॉज १४.२" म्हटलंय तिथे खरंच तोच क्लॉज आहे का, कारण रात्री कोणीतरी क्लॉज ९ उडवलेला असतो. तिसरी: चौकोनी कंस सर्च करायचे, कारण अनिर्णित गोष्टी कंसात ठेवतात आणि सही व्हायच्या प्रतीत "[रक्कम नंतर ठरवू]" राहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. चौथी: आकडे आणि तारखा, अंकात आणि अक्षरात. आणि मग शेवटी कागदावर प्रिंट काढून, हळू आवाजात वाचत. स्क्रीनवर डोळा स्वतःच दुरुस्त करून वाचतो, कागदावर तेवढं चालत नाही.

ट्रॅक चेंजेसवर (ड्राफ्टमधले बदल दाखवणाऱ्या सोयीवर) विश्वास ठेवू नका. समोरच्या बाजूने ड्राफ्ट पाठवला आणि म्हणाले की सगळे बदल ट्रॅक केलेत, तरी तुम्ही पाठवलेल्या शेवटच्या प्रतीशी आपली आपण तुलना काढा. लबाडी असते असं नाही, बहुतेक वेळा कोणाचं तरी ट्रॅकिंग चुकून बंद राहिलेलं असतं. पण ते तुम्हीच पकडायचं असतं, कारण तुमच्यावरचे सगळे असं धरून चालतात की तुम्ही ते केलंय.

लपलेली माहिती हा वेगळाच विषय. २००८ च्या सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाल्यावर बार्कलेज या ब्रिटिश बँकेने त्यांचा काही धंदा विकत घेतला. कुठली कॉन्ट्रॅक्ट घ्यायची त्याची एक्सेल शीट होती आणि नको असलेल्या ओळी डिलीट न करता नुसत्या लपवलेल्या होत्या. मध्यरात्रीची डेडलाइन, खरेदीदाराच्या वकिलांकडे एका नव्या असोसिएटने ती शीट कोर्टात द्यायला पीडीएफ करायच्या नादात रिफॉर्मॅट केली, आणि लपलेल्या ओळी उघड्या झाल्या. १७९ नको असलेली कॉन्ट्रॅक्ट यादीत आली आणि ती काढून टाकायला पुढे कोर्टात अर्ज करायची वेळ आली. मला त्या असोसिएटबद्दल नेहमी कणव वाटते. त्याने फॉर्मॅटिंगच केलं होतं हो. २०१९ च्या जानेवारीत ट्रम्प यांच्या प्रचाराचा माजी प्रमुख पॉल मॅनफोर्टच्या प्रकरणात वकिलांनी मजकूर काळा करून कागद दाखल केले, पण तो काळा पट्टा नुसता वर ठेवलेला होता, पत्रकारांनी कॉपी-पेस्ट केलं आणि सगळं वाचलं. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फाइलला: मेटाडेटा (फाइलमध्ये दडलेली लेखक-तारखांची माहिती) काढा, एक्सेलमध्ये लपवलेल्या ओळी-कॉलम-शीट्स बघा, रिडॅक्शन (मजकूर काळा करणं) खऱ्या रिडॅक्शनच्या टूलने करा, आणि स्वतः कॉपी-पेस्ट करून बघा.

६. क्लोजिंगची रात्र: सह्यांची पानं

कॉर्पोरेट किंवा फायनान्स सीटवर असाल तर ही रात्र येणारच. तुमचं काम एका टेबलात मावतं: डॉक्युमेंट, सही करणारी पार्टी, माणसाचं नाव, कुठल्या अधिकारात, साक्षीदार लागतो का, पान आलं का, तपासलं का. दिसायला कारकुनी काम आहे. पण रात्री अडीच वाजता सगळ्या डीलमध्ये पूर्ण चित्र फक्त त्या टेबलात असतं, आणि तेव्हा पार्टनरसुद्धा तुम्हाला विचारून बोलतो.

इथे एक इंग्लिश केस माहीत असू द्या, मर्क्युरी टॅक्स ग्रुपची, २००८ ची. आधीच्या ड्राफ्टवर घेतलेल्या सह्यांची पानं काढून नंतरच्या आवृत्तीला जोडली होती, हायकोर्टाला ते अजिबात चाललं नाही. म्हणून आता इंग्लिश कायद्याच्या व्यवहारात सही केलेलं पान एकटं घेत नाहीत, अंतिम डॉक्युमेंट ईमेलने जातं आणि सही करणारा तीच फाइल आणि सहीचं पान दोन्ही एकत्र परत पाठवतो, निदान डीडसाठी (जास्त औपचारिक दस्तासाठी) तरी. इतर देशांत नियम वेगळे, तिथल्या स्थानिक वकिलाला लेखी विचारून ठेवा, आधी, अडीच वाजता नाही.

माझ्या पहिल्या क्लोजिंगला बावीस पानं होती, सगळी आली, मी सगळ्यांवर टिक केलं आणि घरी जायची बॅग भरली. मग सिनियर आली, पानं एकेक उलटत गेली आणि एका पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. फूटरमध्ये आवृत्ती क्रमांक ७ होता. बाकी सगळ्यांवर ९. त्या डायरेक्टरने आठवडाभर आधी मेलमध्ये आलेलं जुनं पान प्रिंट केलं होतं, आणि तो तोपर्यंत विमानात बसला होता. मी नाव बघितलं होतं, सही बघितली होती, फूटर नव्हता बघितला. तेव्हापासून माझ्या टेबलात "फूटर" नावाचा वेगळा कॉलम असतो.

तारीख पण आधी टाकायची नाही. पानं "एस्क्रो"त धरलेली असतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी "रिलीज" म्हणेपर्यंत त्यांना काही अर्थ नाही. रिलीज कॉल झाला की मगच तारीख, आणि कॉलवर कोण होतं, किती वाजता हो म्हणाले ते लिहून ठेवा.

७. चूक झाली तर: त्याच क्षणी सांगा

होणार. ईमेलमध्ये नावाची दोन अक्षरं टाइप केली की ऑटोकम्प्लीट भलताच माणूस भरतो, माझ्याकडून एकदा ड्राफ्ट समोरच्या बाजूच्या वकिलाला गेला, आमच्या पार्टनरच्या कॉमेंट्ससकट. पोटात गोळा आला, वाटलं कोणाला कळणारच नाही कदाचित. मग उठून पार्टनरकडे गेले आणि तीन वाक्यांत सांगितलं: काय झालं, ते कितपत पसरलंय, आणि मला काय करावंसं वाटतं. त्यांनी लगेच समोरच्या वकिलाला फोन करून न वाचता डिलीट करायला सांगितलं, लेखी कन्फर्मेशन घेतलं, क्लायंटला कळवलं. तासाभरात प्रकरण संपलं. दुसऱ्या दिवशी कळलं असतं तर संपलं नसतं.

हे इतकं ठासून का सांगतेय, तर २०१८ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाने तीन सॉलिसिटर्सच्या प्रकरणांत एकत्र निकाल दिला. त्यांनी कामाच्या दडपणाखाली अप्रामाणिकपणा केला होता, शिस्तभंगाच्या ट्रिब्युनलने परिस्थिती बघून त्यांना सवलत दिली होती, आणि हायकोर्टाने ती काढून तिघांचीही नावं रोलवरून, म्हणजे सॉलिसिटर्सच्या यादीतून, काढायला सांगितली. मानसिक ताण आणि ऑफिसातलं वाईट वातावरण एवढ्यावरून अप्रामाणिकपणा माफ होत नाही, असं म्हटलं. मला तो निकाल कठोर वाटतो, अजूनही. पण नियम तोच आहे. चूक सुधारता येते, मागची तारीख घातलेलं पत्र सुधारता येत नाही.

८. रिसर्च आणि एआय

थोडक्यात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात माता विरुद्ध एव्हियांका केसमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या केसेस दाखल केल्या, ५,००० डॉलर दंड झाला आणि जगभर नाव झालं ते वेगळं. २०२५ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या हायकोर्टानेही अशाच प्रकारांवरून सगळ्या वकिलांना स्पष्ट इशारा दिला. फर्मने स्वतःचं टूल दिलं असेल तर वापरा, मी वापरते, पण प्रत्येक केस स्वतः डेटाबेसमध्ये उघडून वाचा आणि ती नंतर फिरवली गेली नाही ना ते बघा. क्लायंटचा एकही शब्द बाहेरच्या फुकट टूलमध्ये टाकू नका.

९. काम जास्त झालं तर नाही कसं म्हणायचं

"नाही" म्हणू नका, यादी पाठवा. "माझ्याकडे आत्ता अमुकचं डिस्क्लोजर बुधवारपर्यंत आणि तमुकचा ड्यू डिलिजन्स रिपोर्ट गुरुवारपर्यंत आहे. हे घेतलं तर दोन्हींतलं एक सरकेल, कुठलं सरकवू?" आता निर्णय त्यांच्यावर गेला. दोन सिनियर एकमेकांशी बोलतील, तुम्हाला मधे चेपून घ्यायची गरज नाही. हे मला दीड वर्षाने कळलं, तोपर्यंत मी दोघांनाही हो म्हणत होते आणि दोघांनाही अर्धवट काम देत होते.

झोपेबद्दल: डील चालू असताना दोन-तीन रात्री जातात, ते धरून चाला. पण कुठलीच डील चालू नसताना रात्री अकराला ऑफिसात बसलेले ग्रॅज्युएट्स दिसतात, नुसते दिसावेत म्हणून. काम नसेल त्या दिवशी सहाला निघा, कोणी बघत नाही. आणि प्रकरण हाताबाहेर जातंय असं वाटलं, सकाळी उठावंसंच वाटत नाहीये, तर फर्मबाहेरच्या गोपनीय हेल्पलाइन्स असतात, वकिलांसाठीच्या, बऱ्याच देशांत. तिथे फोन केला तर ऑफिसला कळत नाही.

१०. सीट बदलताना

सीट बदलायच्या दोन महिने आधी पुढच्या विभागातल्या कोणाशी तरी बोलून घ्या, कारण यादी अधिकृतपणे निघते तेव्हा अर्ध्या जागा मनातल्या मनात ठरलेल्या असतात. सेकंडमेंट (काही काळ दुसरीकडे बसून काम करणं), मग ती परदेशातल्या ऑफिसची असो वा क्लायंटकडची, मिळत असेल तर माझ्या मते क्लायंटची घ्या. परदेशातल्या ऑफिसात तुम्ही तेच काम वेगळ्या शहरात करता. क्लायंटकडे मात्र तुम्ही स्वतःच्या फर्मचे चौदा पानी मेमो वाचणारा माणूस होता, आणि मग परत आल्यावर आपोआप चार ओळीच लिहिता.

मधल्या रिव्ह्यूची वाट बघत बसू नका, तो होतोच असं नाही. सहा आठवड्यांनी स्वतःच विचारा, "एक गोष्ट सांगा जी मी वेगळी करायला हवी." "माझं कसं चाललंय" विचारलंत तर "छान" एवढंच उत्तर येतं.

आणि जाताना हँडओव्हर नोट. प्रत्येक मॅटरला एक परिच्छेद: काय आहे, कुठे अडलंय, पुढची तारीख, समोर कोण, शेवटची आवृत्ती सिस्टिममध्ये कुठे आहे, आणि क्लायंटकडच्या कोणत्या माणसाला ईमेलपेक्षा फोन चालतो. जे अर्धवट राहिलंय ते अर्धवट आहे असं लिहा, पूर्ण झाल्यासारखं दाखवू नका. वर पहिल्या ओळीत तुमचा नवीन एक्स्टेंशन नंबर टाका, पुढचे दोन आठवडे तो वाजणार आहे.